'मले काय पागल समजलं काय?'

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव बाहेरच्या पेपरात आलं की पुढचा शब्द कोणता असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याला चिकटला तो चिकटलाच. मधल्या काळात काय काय आलं! २३ जानेवारी २००६ चा एक लाखाच्या मदतीचा शासन निर्णय आला. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कर्जमाफ्या झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे या आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी विधवेने केलं, तेव्हा इथली बाई काय सोसते ते मांडवातल्या लोकांनी तिच्याच तोंडून ऐकलं.

पण मनाचं काय? ते यादीत फार उशिरा आलं. २०१५ नंतर राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारू लागल्या, झोप लागते का, जेवण जातं का, जगण्यात काही राम नाही असं वाटतं का. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारची 'टेलीमानस' सेवा सुरू झाली. १४४१६ हा फुकटचा नंबर, दिवसरात्र चालू, मराठीतूनही बोलता येतं. म्हणजे कागदावर तरी आता मनाच्या डॉक्टरपर्यंतचा रस्ता तयार आहे.

मग त्या रस्त्याने आपण बाया का जात नाही?

बचत गटाच्या कामानिमित्त माझं खेड्यापाड्यात जाणं-येणं असतं. गेल्या काही वर्षांत चार-पाच जणींना मी मनोविकार विभागात सोबत घेऊन गेले आहे. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली एक गृहिणी आहे. पण दाराबाहेरच्या बाकावर बसून बसून एक कळलं. औषधाची भीती नंतरची, बाईला खरी भीती असते ती आत काय होणार याची. कोणी आधी सांगितलेलंच नसतं. प्रसूतीला जाताना दहा जणी दहा गोष्टी सांगतात, डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना शेजारची येऊन धीर देते. मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली मात्र तोंडाला कुलूप लावते. म्हणून आज तेच सांगणार आहे.

त्याआधी एक हिशेब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये देशात १ लाख ६४ हजार ३३ माणसांनी आत्महत्या केल्या. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२ हजार २०७. त्या वर्षी देशभरात गेलेल्या सुमारे ४५ हजार बायकांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे २३ हजारांवर बायकांच्या नावापुढे 'गृहिणी' असं लिहिलेलं आहे. आता आपल्याकडची गृहिणी म्हणजे कोण? सकाळी स्वयंपाक उरकून कापूस वेचायला जाणारी, निंदण-खुरपण करणारी, संध्याकाळी सरपण घेऊन येणारी. पण सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, त्यामुळे ती 'शेतकरी' नाही. ती गेली तर शेतकरी आत्महत्यांच्या यादीत तिची गणती नाही, आणि जिवंत आहे तोवर समुपदेशन कोणाचं करायचं या चर्चेतही ती नाही. समुपदेशन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे कर्जबाजारी पुरुष येतो. त्याला जपावं असं तिलाच सांगितलं जातं! जागतिक आरोग्य संघटना सांगते की नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे दीडपट आढळतं. पण ती डॉक्टरकडे जाते ती कंबर दुखते म्हणून.

हा मुद्दा जरा नीट बघू. 'मला नैराश्य आलं आहे' असं वाक्य मी आमच्याकडच्या बाईच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. ती म्हणते, 'जीव घाबरते', 'डोक्शात मुंग्या आल्यासारख्या होते', 'कामात मन लागत नाही', 'लई विचार येते बाप्पा'. नाहीतर अंगावरून पांढरं जातं, हातापायात त्राण नाही, छातीत धडधडतं. मग इंजेक्शन, सलाईन, शक्तीच्या गोळ्या, सोनोग्राफी. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या पांढरं जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त आहे. आता याचा अर्थ बाई खोटं बोलते असा नाही हं! दुखणं खरंच असतं. फक्त त्याचं मूळ दुसरीकडे असतं. उलटंही होतं. थायरॉइड बिघडलेलं असतं, रक्त कमी असतं, आणि बाईला वाटतं मनच आजारी आहे. म्हणून पहिल्या भेटीत मनाचे डॉक्टरही रक्त तपासायला सांगतात, तेव्हा 'मनाच्या दुखण्याला रक्त कशाला' म्हणून वैतागू नका.

आता भीतीकडे येते. 'मले काय पागल समजलं काय?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता मला नमस्कारासारखं वाटतं. आपल्या भागात लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, 'जास्त केलं तर नागपूरला नेऊन टाकू'. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. दीडशे वर्षं त्याच्या नावाने पोरांना भीती दाखवली गेली, तर ती एका दिवसात कशी जाईल? पण आता मनाच्या उपचारासाठी नागपूरला जावं लागत नाही, भरती व्हावं लागत नाही. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही सरकारने याचसाठी आणला, की उपचार जिल्ह्यातच मिळावे. बाह्यरुग्ण विभागात दाखवायचं, औषध घ्यायचं, दुपारच्या गाडीने घरी. जाणाऱ्यांतल्या बहुतेकींना भरती करायचा विषयच निघत नाही.

जायचं कोणाकडे, यातही मोठा घोळ आहे, आणि तो घोळ मराठी भाषेने वाढवला आहे असं माझं मत. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा एकच शब्द आपण दोघांनाही लावतो. एक असतात एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, त्यांना सायकियाट्रिस्ट म्हणतात. औषध तेच देतात. दुसरे सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्र शिकलेले. ते औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. रुग्णांवर उपचार करणाऱ्या अशा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला लाजू नका. आणि तिसरे समुपदेशक. यांत अतिशय चांगले शिकलेले लोक आहेत आणि आठ दिवसांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून बसलेलेही आहेत. त्यामुळे शिक्षण काय, कुठे काम केलं, हे विचारायचं. साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, इथे का नाही बघायचा?

बरं, गेलात. काय होतं?

सरकारी दवाखान्यात आधी केस पेपर. मग रांग. रांगेत आपल्या गावचं कोणी दिसेल का ही धास्ती. (दिसलं तर तेही त्याच रांगेत आहे हे लक्षात ठेवा.) आत गेल्यावर टीव्हीवर दाखवतात तसा लांब सोफा वगैरे काही नसतो. साधं टेबल, दोन खुर्च्या. डॉक्टर विचारतात, काय त्रास होतो, कधीपासून, झोप किती, जेवण किती, पाळी नियमित आहे का, आधी काही आजार, घरात कोणाला असा त्रास होता का, घरात दारू आहे का, मारहाण होते का. हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. बाळंतपणानंतर सुरू झालेली उदासी वेगळी, पाळी जातानाची वेगळी, मार खाऊन आलेली वेगळी. नेमकं काय ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

एक प्रश्न हमखास येतो, 'मरून जावंसं वाटतं का?' माझ्यासोबत आलेल्या एकीची सासू यावर फार भडकली होती. म्हणाली, 'असं काहून विचारते? तिच्या मनात नसन तं येईन ना!' तसं होत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असेल तर बाहेर पडायला वाट मिळते, हे जगभरात अभ्यासून झालेलं आहे. त्या सुनेने खाली मान घालून 'हो' म्हटलं. सासू गप्प झाली, आणि घरी गेल्यावर फवारणीचे डबे कुलपात ठेवायचं तिनेच केलं. जिच्या बाबतीत उत्तर 'हो' असेल तिने रांगेची, तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असेल तर १४४१६, आणि तिला एकटीला सोडायचं नाही.

सोबत कोणी न्यावं का? न्यावं, पण बोलताना एकटीने बोलायची वेळ मागून घ्यावी. 'डॉक्टर, मला पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे' एवढं वाक्य पाठ करून जा. एका खासगी दवाखान्यात मी बघितलं, बाई खुर्चीत आणि उत्तरं देतो नवरा. 'हिला झोप येत नाही, ही चिडचिड करते, ही पोरांकडे पाहत नाही.' वीस मिनिटांत त्या बाईच्या तोंडून एक शब्द निघाला नाही आणि फी पूर्ण द्यावी लागली. हे चालवून घ्यायचं नाही.

रडू येईल. येऊ द्या. काही जणी पहिल्या भेटीत नुसत्या रडतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, 'काईच सांगता नाई आलं.' रडणंही सांगणंच आहे, समोरच्याला ते समजतं. काहींना पहिल्या भेटीनंतर हलकं वाटतं, काहींना उलट दोन दिवस जास्त जड जातं, कारण बंद पेटी उघडलेली असते. दोन्ही नेहमीचंच आहे. आपलं अक्षर बरं असेल तर त्रास कधी होतो, किती वेळ टिकतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहून न्यावं. बीपी-शुगरची औषधं, गर्भार असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधी सांगावं. हे मात्र विसरायचं नाही.

समुपदेशकाकडे गेलात तर बैठक साधारण पाऊण तासाची असते. (सरकारी गर्दीत इतका वेळ दर वेळी मिळेलच असं नाही.) आपल्याला सल्ल्याची सवय. आई सल्ला देते, सासू देते, शेजारीण न विचारता देते. समुपदेशक मात्र 'तू असं कर' म्हणत नाही, याचं बायकांना फार नवल वाटतं. 'ते बाई तं नुसतं मलेच विचारत होते, सांगितलं काईच नाई!' अशी तक्रार एकीने केली. तिसऱ्या भेटीनंतर तीच म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा कोणी मधे न बोलता ऐकलं. हा उपचार चमत्कार नाही. त्यात काम असतं. घरी करायला सांगतात. दिवसात एक आवडीची गोष्ट ठरवून करा, मनात आलेला वाईट विचार कागदावर लिहा आणि तो खरा कशावरून ते तपासा, श्वासाचा व्यायाम करा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच धर्तीवर सहा ते आठ बैठकांचा उपचार 'संगत' या संस्थेने तयार केला, गंभीर नैराश्य असलेल्यांवर तो तपासला आणि उपयोग होतो असं २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडलं. यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की ते समुपदेशक मानसशास्त्राची पदवी घेतलेले नव्हते. साधी स्थानिक माणसं, पण नीट प्रशिक्षण दिलेली आणि वरून देखरेख असलेली.

तिकडे आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाक टाकून त्यावर चक्क गावातल्या आज्यांना बसवलं, शिकवून तयार केलं. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या ताईंचं 'लई विचार येते' आणि त्या आजीबाईंचं एकच!

गोळ्यांबद्दल थोडंच सांगते, बाकी डॉक्टरला विचारा. सगळ्यांनाच गोळ्या लागतात असं नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद. किंवा महिन्याभरात बरं वाटलं म्हणून बंद! बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त औषध चालू ठेवावं लागतं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. 'या गोळ्यांची सवय लागते' ही भीती नैराश्याच्या औषधांपेक्षा झोपेच्या गोळ्यांना लागू आहे. त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेणाऱ्या मात्र कितीतरी जणी सापडतील.

आता तो प्रश्न, जो बायका सगळ्यात हळू आवाजात विचारतात. 'कागदावर आलं तर नवरा सोडून तं देणार नाही?' मुलीचं लग्न व्हायचं असेल तर आई विचारते, 'कोणाले कळन का?' ही भीती उगाच नाही. माहेरी आणून टाकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळा सोडून. एखाद्याला मानसिक आजार आहे असं ठरलं म्हणून तो माणूस 'वेडा' ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. घटस्फोटाला लागणारं कारण फार गंभीर आजाराचं आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा कागद दाखवून नवऱ्याला आपोआप काडीमोड मिळत नाही. आणखी एक. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात नेताना कचरतात, 'चुकून औषध पोटात गेलं' असं सांगतात. याच कायद्याने असा माणूस गंभीर तणावाखाली होता असं धरलं आहे आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

कायदा इतका पुढे गेला, पण एक गाठ सुटलेली नाही, आणि ती आपल्या जिल्ह्याची खास आहे. त्या २००६ च्या मदतीच्या निर्णयात पात्र कोण, अपात्र कोण, याची तपासणी होते. शेती नावावर होती का, कर्ज होतं का, तगादा होता का. आत्महत्या दारूमुळे किंवा आजारपणामुळे झाली असं कागदावर आलं की प्रकरण अपात्रतेकडे झुकतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग घरातला पुरुष वर्षभर गुमसुम असला, रात्र रात्र जागत असला तरी त्याचा मनाच्या डॉक्टरचा कागद घरात असू नये, असा विचार लोकांच्या डोक्यात येतो. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण येतो. एका हाताने सरकार 'मन मोकळं करा' म्हणतं आणि दुसऱ्या हाताने आजाराचा कागद सापडला तर विधवेची मदत अडवतं. हे दोन्ही विभाग एकत्र बसून एकदा हे का सोडवत नाहीत? आजार होता म्हणून कर्ज नव्हतं, असं थोडंच असतं? कर्जानेच झोप उडते, आणि झोप उडालेला माणूस कर्जातून वाट काढू शकत नाही.

शेतकरी चळवळीतले लोक यावर म्हणतात, 'कापसाला भाव द्या, समुपदेशनाची गरजच पडणार नाही.' मला त्यांचं निम्मं पटतं. ज्याच्या घरी सावकार उभा आहे त्याला दीर्घ श्वास घ्या सांगणं ही थट्टा आहे. पण निम्मं पटत नाही, कारण भाव चांगला आला त्या वर्षीही नवऱ्याचा मार खाणारी, लागोपाठ मुलीच झाल्या म्हणून बोलणी खाणारी, बाळंतपणानंतर लेकराला जवळ घ्यावंसं न वाटणारी बाई तिथेच होती. तिचा भाव कोण ठरवणार? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन मनाच्या आरोग्याबद्दल बोलणं सुरू केलं आणि लागेल तिथे समुपदेशन, डॉक्टर जोडून दिले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते, नंतर सत्तावीस. त्या गावांतल्या लोकांनाही 'पागल' म्हणवून घ्यायची हौस नव्हती. दारात येऊन, आपल्या भाषेत, आपल्यातलंच कोणी बोललं, एवढंच झालं.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे आणखी अवघड आहे. आपल्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात, पोडांवर कोलामी, कुठे गोंडी. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली वाचून 'आपणांस निरुत्साही वाटते का?' असं विचारलं तर समोरची बाई 'नाही' म्हणून मोकळी होते. आशाताई ते आपल्या बोलीत फिरवून विचारतात म्हणून काहीतरी हाती लागतं. आणि त्या आशाताईंनाच मानधनासाठी २०२३-२४ मध्ये लांबलचक संप करावे लागले. त्यांची झोप कशी आहे, हे त्यांना कोण विचारतं?

अंतराचंही तसंच. उमरखेड किंवा झरी जामणीहून यवतमाळ गाठायचं तर एसटीने जाण्या-येण्यात दिवस जातो, रोज बुडतो. खासगीत दाखवायचं तर एका भेटीला दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे. अशांनी निदान सुरुवात फोनने करावी. टेलीमानसवर फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे डॉक्टरशी जोडून देतात किंवा जवळ कुठे दाखवायचं ते सांगतात. बोलणं गुप्त राहतं. शेतात कापूस वेचताना, घरचं कोणी जवळ नसताना बोललं तरी चालतं. एकीने तसंच केलं. ओटीत कापूस आणि कानाला फोन.

आणि पहिला डॉक्टर, पहिला समुपदेशक आपल्याला पटला नाही तर? दुसरा बघायचा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, ना आपल्याला ना त्यांना. दोन-तीन भेटी मात्र द्याव्यात. ज्यांनी बैठकीत देवाधर्माचा उपदेश सुरू केला, 'नवऱ्याशी जुळवून घ्या' एवढंच सांगितलं, किंवा तुमची गोष्ट तुमच्या नात्यातल्या कोणाला सांगितली, त्यांच्याकडे मात्र दुसऱ्यांदा पाऊल टाकू नका.

आमच्या गटातल्या एकीची पुढची तारीख नेमकी वेचणीच्या दिवसांत आली होती. 'रोज बुडते, राहू द्या ना ताई' म्हणत होती. आम्ही फोन करून तारीख बदलून मिळते का विचारलं. मिळाली, चार दिवसांनंतरची. ती तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, गॅस सिलेंडरच्या नोंदीच्या खाली. समोर काय लिहायचं ते तिला कळेना, म्हणून नुसतं 'यवतमाळ' लिहिलं आहे.